हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं

अन्याय माझ्या देवासच्या काकूवर झाला. गेल्या चंपाषष्ठीला, संध्याकाळच्या चहाच्या वेळी, घरात सगळे नातेवाईक बसलेले असताना. करणारी मी. आमच्या संघटनेचे पर्चे, म्हणजे पत्रकं, लिहिताना आम्ही दुसऱ्यांचे गुन्हे आधी लिहितो, म्हणून आज माझा आधी.

मला गहू, दूध आणि शेंगदाणे चालत नाहीत. माळव्यात हे सांगितलं की लोक विचारतात, मग तू जगतेस कशी? बाफले गव्हाचे, वर तुपाची धार, आणि उपासाच्या खिचडीतसुद्धा दाण्याचं कूट. पण धार शहरातल्या माझ्या खोलीवर मी मक्याची भाकरी, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा असं झकास जेवते. उपास घडतो तो दुसऱ्यांकडे. "थोडंसं खाल्लं तर काय होतं?" या एका वाक्याविरुद्ध मोर्चा काढायला हवा.

काकूनं ते वाक्य कधी उच्चारलं नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत, म्हणजे देव आणि मी एकच जेवण जेवतो असा वर्षातला एकमेव सण. त्यासाठी काकू चक्की उघडायच्या वेळेला जाऊन उभी राहिली. आदल्या दळणातला गहू राहू नये म्हणून चक्की झाडून घेतली, पहिलं ओंजळभर पीठ गाईसाठी वेगळं काढलं. माझी परात वेगळी, तवा वेगळा, भरीत बिनदाण्याचं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथी मागितली.

चारच्या सुमारास पोट पिळवटायला लागलं. गव्हाचं दुखणं मी ओळखते. चहाचे कप फिरत होते, तेव्हाच म्हटलं, "काकू, परात नीट धुतली नव्हतीस. कबूल कर."

काका म्हणाले, "बस कर भिया, सभेत नाहीयेस तू." माळव्यात पुतणीही भियाच.

मी थांबले नाही. पाच मिनिटं बोलले. विषय स्वच्छता.

तिसऱ्या दिवशी धारला काकूचा फोन आला. "अगं, सापडला चोर." तिनं स्वयंपाकघरातला एकेक डबा भिंग घेऊन वाचला होता. "हिंग. डबीच्या बुडाशी लिहिलंय, गेहूँ का आटा. अक्षर इतकं बारीक की खंडोबालाही चष्मा लागेल. फोडणीत मीच टाकला गं, चिमूटभर."

हिंग म्हणून आटा विकायचा आणि ते मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात लिहायचं, हा उद्योग ज्यांचा, त्यांना कोणी चहाच्या वेळी उभं केलं नाही. मी उभं केलं ते काकूला.

मी माफी मागायला लागले. तिनं मध्येच तोडलं. "ते राहू दे. माझी परात स्वच्छ होती की नाही? तेवढं सगळ्यांना सांग."

त्या दिवशी जे जे बसले होते, त्या सगळ्यांना मी फोन केले. एक आत्या म्हणाली, "परात स्वच्छ होती हे आम्हाला माहीतच होतं. तुलाच सांगायची हिंमत नव्हती."

पुढच्या रविवारी काकूनं पुन्हा जेवायला बोलावलं. पाटासमोर मीठ, हळद, तिखट, मोहरी, सगळे डबे ओळीनं मांडले होते. "वाच आधी. मग बस," म्हणाली. भरताला लसूण-जिऱ्याची फोडणी होती. चौथी भाकरी तिनं न विचारता वाढली.

आता तुम्ही उठा. तुमच्या हिंगाची डबी उलटी करा आणि वाचा. चष्मा लागत असेल तर लावून वाचा, पण पाहुण्याचं पान वाढायच्या आधी वाचा.