घुशीने पाडलेली भिंत

मिस्त्रींनी बांधलेली भिंत कधी तडकली नाही, असा त्यांचा लौकिक होता आणि ते तो जिवापाड जपत. दुसऱ्याच्या बांधकामावरून जाताना नुसता हात फिरवून नाक मुरडायचे. अशा माणसाच्या स्वतःच्या अंगणातली भिंत एका घुशीने पोखरावी, म्हणजे हसावं की रडावं?

ती भिंत त्यांनी धाकट्या भावाशी बिनसल्यावर घातली होती. कारण काय, तर मोरीचं पाणी कोणाच्या दारावरून जायचं. शब्दाने शब्द वाढला आणि मिस्त्रींनी रागाच्या भरात अंगणाचे दोन भाग केले. तेव्हापासून अबोला. धाकट्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. सकाळी दुकान उघडण्याआधी तो त्याच भिंतीला टेकून पंक्चर काढत बसायचा. मिस्त्रींना इकडून त्याचं खोकणं आणि पंपाचे सुस्कारे ऐकू यायचे.

घुशीने इकडे मातीचा ढीग काढला की मिस्त्री बिळात विटांचे तुकडे आणि काचा ठासत. मग ती तिकडून निघे, आणि धाकट्याचं काचा ठासणं ऐकू येई. दोन्ही तोंडं एकदमच बुजवली असती तर काम झालं असतं. पण हे कोणी कोणाला सांगायचं?

काचा ठासताना मिस्त्रींना हमखास लहानपण आठवायचं. याच अंगणात तेव्हाही घुशी होत्या. ते बिळाच्या एका तोंडात बादलीने पाणी ओतायचे आणि धाकटा दुसऱ्या तोंडाशी पोतं धरून बसायचा. एकदा घूस पोत्यात शिरली आणि पोत्याच्या भोकातून पसारही झाली. धाकटा मात्र पोत्याचं तोंड गच्च आवळून "दादा, धरली, दादा, धरली" म्हणत राहिला. आई हसून हसून खालीच बसली होती. तो पोरगा भिंतीपलीकडे आहे, म्हातारा झालाय आणि आपण त्याच्याशी बोलत नाही, या विचाराने मिस्त्रींचा हात थांबायचा.

एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, भिंत कललीय का?"

"माझी भिंत? आधी डोळे तपासून घे."

ती आत गेल्यावर मात्र त्यांनी गुपचूप ओळंबा लावला. भिंत कलली होती, आणि तीही धाकट्याच्या बाजूला. पलीकडे पंप चालू होता.

मिस्त्री चपला न घालताच वळसा घालून त्याच्या अंगणात गेले.

"तिथून ऊठ. भिंत पडेल."

धाकट्याने वर पाहिलं. इतक्या वर्षांनी भाऊ समोर उभा होता, तरी तो जागचा हलला नाही. "तुझी भिंत? दादा, तुझी भिंत पडत नसते."

दोष घुशीवर ढकलणं सोपं होतं. पण तसं केलं तर हा पुन्हा काचा ठासून तिथेच बसणार, हे मिस्त्रींना ठाऊक होतं.

"पाया खणलाच नव्हता," ते म्हणाले. "रागात नुसत्या मातीवर विटा रचल्या. ऊठ आता."

धाकटा उठला, आत गेला आणि पहार घेऊन आला. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत भिंत उतरवली. त्या गडबडीत घूस कुठे गेली, ते कोणीच पाहिलं नाही. पुन्हा भिंत कधी घालणार, असं बायकोने विचारलं, तर मिस्त्रींचे गुडघे अचानक दुखू लागले.

पण मिस्त्रींची भिंत गेली, याचा बोभाटा व्हायचा तो झालाच. लोक तोंडावर हसू लागले. मिस्त्रींनी लाजेने बाहेर पडणं सोडलं. शेवटी धाकट्यानेच त्यांना ओढून दुकानात नेऊन बसवलं. तिथे त्यांनी ऐकलं, तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "घूस कसली, बोकाच होता. दादाची भिंत म्हणून इतकी वर्षं टिकली." पायाबद्दल चकार शब्द नाही. पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत घूस कुत्र्याएवढी झाली होती.

त्या गिऱ्हाइकाने वळून विचारलं, "खरं का हो, मिस्त्री?"

धाकटा चाकावर वाकून तार आवळत होता. त्याने मान वर केली नाही. मिस्त्रींनी घसा खाकरला.

"त्याने लांबून पाहिली," ते म्हणाले. "याहून मोठी होती."