लहानूचा पट्टा

अल्लीपूरच्या वाटेवरच्या त्या जुन्या दगडी पुलाला कठडे नाहीत. पावसाळ्यात त्यावरून पलीकडे जायचं तर गावाची एकच रीत, लहानू कोतवालाला विचारायचं. इंजिनीअर आले नि गेले, लहानू मात्र तीस वर्षं तिथेच. उन्हाळ्यात नदी आटली की तो मधल्या खांबाचे दगडी थर खालून मोजायचा आणि सातव्या थरावर चुन्याचा पट्टा ओढायचा. पाणी पट्ट्याला लागलं की दोर बांधून पूल बंद. मग आमदाराची गाडी असली तरी थांबायची, आणि त्याची लहानूला भारी ऐट होती.

यंदा खांब दुरुस्त करणाऱ्यांनी खालचे थर सिमेंटात पार गाडून टाकले. आता मोजायचं कुठून? दुसऱ्या कुणाला विचारावं, तर तीस वर्षांचा जाणकार आपणच! लहानूने अंदाजाने पट्टा ओढला. तो एक थर वर गेला.

श्रावणातल्या एका सकाळी दूधवाला मोतीलाल मोटारसायकलला कॅन लटकवून आला आणि नेहमीसारखा विचारायला थांबला. पाणी पट्ट्याच्या जरा खालीच होतं. लहानूने त्याला जा म्हटलं. एरवी पट्टा बुडाला तरी माणूस पलीकडे पोचेल एवढी उसंत असायची. यंदा तेवढी उरलीच नव्हती. मोतीलाल पुलाच्या मध्यावर असताना लोंढा वर चढला. तिसऱ्या दिवशी तो खाली बाभळींत अडकलेला सापडला.

चौकशीला साहेब आले तेव्हा गावाने एकमुखाने सांगितलं, लहानूने अडवलंच असणार, मोतीलालनेच ऐकलं नसेल. लहानू गप्प बसला. गप्प बसायला काही कष्ट पडत नाहीत.

तेरवी झाल्यावर मोतीलालची बायको भागीरथा लहानूच्या दारात आली. सोबत नववीतली लेक रूपाली होती.

"भाऊ, सारे म्हणून राह्यले, यायनं तुमचं आयकलं नाई. मले पटत नाई. तुमी त्यायले अडवलं होतं का?"

खरं अगदी जिभेवर आलं होतं. पण ते बोललं तर उद्या पुलाशी थांबून त्याला विचारणार कोण?

"अडवलं होतं," लहानू म्हणाला.

भागीरथा लेकीकडे वळली.

"पाह्य, तुह्या बापाले आपली फिकीर नव्हती. आता त्याच्यासाठी रडू नोको."

रूपालीने निमूटपणे डोळे पुसले.