मूल रडतं कोणत्या भाषेत

"तू लिहिलंस की नाही, एवढंच सांग."

"लिहिणं माझं कामच आहे. सत्तावीस वर्षं तेच करतेय."

"आई, विषय बदलू नकोस. मिरीच्या अर्जावर, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं 'इथली' असं लिहिलंय. अक्षर तुझं आहे."

"असेल."

"असेल म्हणजे? अगं, तुझं अक्षर मी झोपेतसुद्धा ओळखेन!"

"मग ओळखलंस ना? झालं तर. आता ते पातेलं दे इकडे, आणि हळू बोल. पोरगी आत्ता कुठे झोपलीये."

"पातेलं नंतर. मंगळवारी ती शाळेत पडली, तेव्हा रडली कोणत्या भाषेत?"

खिडकीबाईंनी उठून पातेलं स्वतःच घेतलं आणि मटार सोलायला बसल्या. शनिवारची दुपार. स्वयंपाकघर एवढंसं, त्यात मुलगा लहानपणच्या बुटक्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसलेला. हा प्रश्न जगात फक्त दोन माणसं विचारू शकली असती. एक त्या स्वतः. दुसरा हा, त्यांनीच शिकवून तयार केलेला.

खिडकीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शाळेनं पाडलेलं. परगावाहून नव्हे, परदेशांतून नोकरीसाठी आलेल्या लोकांच्या मुलांची ही शाळा, पाच भाषांची. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला प्रवेशाची खिडकी. सरकती काच, आतल्या बाजूला शाईचा पॅड, अर्जांचे गठ्ठे आणि एक खण फक्त रुमालांनी भरलेला. कारण त्या खिडकीपुढे कुणी ना कुणी रडतच असायचं. निम्म्या वेळा मूल, निम्म्या वेळा आई, आणि एकदा तर एका बँकेचे सहा फूट उंचीचे साहेब.

पालक यायचे ते फायली काखोटीला मारून. एका वडिलांनी शहरातल्या पाच शाळांचा तक्ताच करून आणला होता. इमारत, निकाल, खेळाचं मैदान, अंतर, सगळ्यांना गुण दिलेले. बाईंनी तो चष्मा लावून नीट वाचला आणि विचारलं, "छान केलाय. पण यात तुमचा मुलगा कुठे दिसत नाही?" साहेब गोरेमोरे झाले.

सगळ्यांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला. "बाई, भविष्याच्या दृष्टीनं कोणती भाषा बरी?"

बाईंचं उत्तरही ठरलेलं. "भविष्याचं मला काही कळत नाही. मधल्या सुट्टीचं कळतं. तुमचं मूल मधल्या सुट्टीत कुणाशी भांडणार आहे, ते बघा."

लोक हसायचे. बाई हसायच्या नाहीत. कारण या शाळेची रीतच तशी होती. पहिली दोन वर्षं प्रत्येक मुलाला एक मुख्य भाषा. सकाळचे सगळे तास त्या भाषेत, बाकीच्या भाषा दुपारी, गाण्यांत आणि खेळांत. मुख्य भाषा नीट लागली की पुढच्या भाषा मूल आपोआप उचलतं. ती चुकली की मूल बसतं तोंड मिटून.

हे बाईंना कळलं ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी. नदीवर पूल बांधायला आलेल्या एका साहेबांची मुलगी दाखल झाली होती. वडिलांनी अर्जावर ऐटीत लिहिली ऑफिसातली भाषा. मुलगी चार महिने अक्षर बोलली नाही. शिक्षिका थकल्या, कानाचे डॉक्टर झाले. मग एक दिवस सामानाच्या खोलीच्या दारात तिचं बोट सापडलं, आणि जो काही धबधबा सुटला! रडणं, ओरडणं, दाराला शिव्या, सगळं एका वेगळ्याच भाषेत. तिच्या आजोळची भाषा, अर्जात कुणी लिहिलीच नव्हती. आणि गंमत म्हणजे त्या भाषेचा वर्ग तिच्या वर्गापासून फक्त दोन दारं पलीकडे भरत होता.

त्या संध्याकाळी मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"आईबाप अर्जात आपली इच्छा लिहितात. तुम्ही ऐकलेलं लिहा. पेन्सिलीनं, कोपऱ्यात."

"मला कुठे एवढ्या भाषा येतात, मोठ्या बाई?"

"यायला कशाला हव्यात? ओळखू आल्या की पुरे."

तेव्हापासून तसंच. पालकांना पुढच्या खोलीत बसवायचं आणि मुलाला घेऊन बाईंनी स्वतः आवारात एक चक्कर मारायची. बुटाची नाडी सुटते, झोक्यावरची पाळी जाते, कुणी केस ओढतं. पोर चिडलं की खरं बोलतं. बाईंना अर्थ कळायचा नाही, पण पावलांवरून घरचं माणूस ओळखावं तशी भाषा ओळखू यायची. अशा चौदा. वर्गवाटपाच्या दिवशी अर्ज उघडले की शिक्षक आधी कोपरा बघत, मग वडिलांची सही. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, नवे मुख्याध्यापक आले, खिडकीची काच दोनदा बदलली; कोपरा तसाच राहिला. सत्तावीस वर्षांत तो एकदाही खोटा बोलला नव्हता.

आणि मुलाला हे सगळं माहीत, कारण तो त्या खिडकीखालीच वाढला. वडील लवकर गेले. कर्मचाऱ्याचं मूल म्हणून शाळेत जागा मिळाली. वर्ग सुटला की पाच वाजेपर्यंत तो आईच्या पायांशी बसून पेन्सिलींना टोक काढायचा. मग दोघं चालत घरी. वाटेत त्यांचा एक खेळ असायचा. एखाद्या दुकानात, बसथांब्यावर, कुणाच्या तरी गॅलरीत मूल रडत असलं की दोघं जागच्या जागी थांबायचे, कान टवकारायचे.

"एक, दोन, तीन, सांग!"

"डोंगरापलीकडची!"

"चूक. समुद्राकडची. शेवट कसा लांबवला बघ."

"आई, तू लबाडी करतेस. तुला तिची आई दिसली."

"बरं बाबा, तू जिंकलास. चल, पाव संपेल."

किती साधी संध्याकाळ असायची ती! हातात गरम पावाची पिशवी, एका हाताला तो, आणि शहरभरच्या पोरांची रडगाणी. आठव्या वर्षी तो आईला हरवायला लागला. अठराव्या वर्षी पाचही भाषा त्याच्या जिभेवर होत्या. आणि मग त्याच भाषांच्या जोरावर तो गेला. बाईंनी त्याला निरोप दिला, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी खिडकी उघडली, तर समोर पहिलाच अर्ज घेऊन एक आई, मुलाचा हात धरून उभी. त्या दिवशी रुमालांचा खण बाईंनी स्वतःसाठी उघडला. त्या आईला वाटलं, शाळेत जागा नाही म्हणून बाई रडतायत.

अकरा वर्षं झाली. त्यानं तिकडेच लग्न केलं, तिकडचीच मुलगी. मग नात झाली, काळीसावळी, एवढीशी आणि तिखट, म्हणून बाईंनी तिला मिरी म्हणायला सुरुवात केली. दर रविवारी पडद्यावर भेट. मिरी कॅमेऱ्यात नाक खुपसून चाळीस-पन्नास शब्द एका दमात बोलायची, हातवारे करायची, खदाखदा हसायची.

"काय म्हणते रे?"

"म्हणते, बरी आहे."

"एवढं लांबलचक? नुसतं बरी आहे?"

"अगं, शाळेतलं काहीतरी. कुणाचा तरी ससा."

सशाचं काय झालं ते बाईंना कधीच कळलं नाही.

आणि आता कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी इथेच पाठवलं होतं. सून तिकडची कामं आवरून महिन्याभरानं येणार होती. कागदोपत्री हे परदेशातून आलेलं कुटुंब. बाईंनी काचेतून स्वतःच्या मुलाला अर्ज दिला तेव्हा अख्खं ऑफिस हसलं. पत्त्याच्या रकान्यात त्यानं बाईंच्याच घराचा पत्ता लिहिला. मुख्य भाषेचा रकाना त्यानं कोराच ठेवला. आईवर भरवसा. आणि मग राहिलेली सही करायला तो काल गेला, अर्ज समोर आला आणि त्याची नजर सवयीनं कोपऱ्यात गेली.

"आई, मी विचारतोय काहीतरी."

"बहिरी नाही मी."

"तू सांगत नाहीस म्हणजे मला कळलंच. घरी पडते तेव्हाही ती तिकडच्याच भाषेत रडते. तिकडचा वर्ग आहे आपल्या शाळेत, चांगल्या शिक्षिका आहेत. तरी तू 'इथली' लिहिलंस. का?"

"तिला इथली येत नाही, म्हणून."

"हे काय उत्तर झालं?"

"हेच उत्तर आहे!" बाईंच्या हातातली शेंग तुटली, दाणे फरशीवर घरंगळले. "एक शब्द शिकवलास का तिला? एक? आजी म्हणते ते धड नाही, आधी, आधी करते. मला वाटतं, आधी काय, आता काय!"

मुलाला हसू आलं, ते त्यानं दाबलं. "सकाळी ती उठायच्या आधी मी निघायचो, घरी यायचो तेव्हा झोपलेली. सुट्टीचा एक दिवस. त्यात मी तिला काय काय शिकवू?"

"मला दोष द्यायचा नाहीये रे तुला."

"देतेच आहेस."

"बरं, देतेय!"

दोघं खाली वाकून दाणे वेचायला लागले. ओट्याखालून मुलाचा आवाज आला, "पुलाच्या साहेबांची मुलगी तूच सांगितलीस मला. शंभरदा. चार महिने मुकी. मिरी तशी बसली तर?"

"तुझी मुलगी मुकी बसणाऱ्यातली नाही."

"तीही नव्हती. तूच म्हणायचीस."

बाई तिथेच फरशीवर बसून राहिल्या. मग ओंजळीतल्या दाण्यांशी बोलल्यासारखं बोलल्या.

"नळाजवळच्या उतारावर पडली. दोन्ही गुडघे सोलले. मी धावले. तिनं एवढं मोठं भोकाड पसरलं, आणि रडता रडता काहीतरी सांगत होती, सारखं तेच तेच. मी म्हटलं, काही नाही झालं हं, बघू मला. आणि तिनं माझ्याकडे बघितलं." त्या थांबल्या. "पोरं खिडकीतल्या बाईकडे बघतात ना, तसं. की ही कोण, हिला काय सांगायचं."

मुलगा हातातले दाणे पातेल्यात टाकून पुन्हा स्टुलावर टेकला.

"सत्तावीस वर्षं अशी पोरं बघितली मी. रुमाल दिला, वर्गात सोडलं, आले परत. पण ती माझी नव्हती रे. ही माझी आहे. दोन वर्षं, मग तुम्ही पुन्हा उडणार. पुन्हा रविवार. ती माझ्याशी बोलते ती तुझ्या तोंडून. चाळीस शब्द बोलते आणि तू मला चार देतोस."

"आई..."

"म्हणून लिहिलं. वाटलं, इथल्या वर्गात बसली की दोन वर्षांत बोलेल माझ्याशी. वर्गवाटप सोमवारी आहे. सकाळी जाऊन खोडते. रडली ती तिकडच्याच भाषेत. झालं समाधान?"

"समाधानाचा प्रश्न नाहीये गं."

"मग कसला आहे?"

तेवढ्यात दारात मिरी येऊन उभी राहिली. गालावर उशीच्या घड्या, एका पायात मोजा, दोन्ही गुडघ्यांवर पट्ट्या. तिनं फरशीवर बसलेल्या आजीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, विचार केला आणि सरळ आजीसमोर जाऊन मांडी ठोकली. एक मटाराचा दाणा उचलला, आजीच्या नाकासमोर धरला आणि सुरू झाली. गुडघा दाखवला. दाणा दाखवला. दोन बोटं डोक्याला लावून काहीतरी केलं, खुदकन हसली, पुन्हा गंभीर झाली आणि शेवटी काहीतरी विचारून, मान तिरकी करून, उत्तराची वाट बघत बसली.

बाईंनी सवयीनं मान वर केली. "काय म्हणते रे?"

मुलानं सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. मधला माणूस आता नकोच, असं ठरवल्यासारखा तो स्टुलावरून उठला. दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"अरे, काय विचारते ही? उत्तर हवंय तिला! सांगून तरी जा!"

दार लोटल्याचा आवाज आला, आणि मग जिना उतरणारी त्याची पावलं.