सेकंड शिफ्ट

कंपनीतलं कंत्राट संपलं तेव्हा मी घरातच ऑफिस थाटायचं ठरवलं. पापड, मिरगुंड, मसाले करणाऱ्या बायकांना पाकिटांची लेबलं काढून, छापून द्यायची, एवढाच धंदा. टेबल आलं, कॉम्प्युटर आला, रंगीत प्रिंटर आला. आई म्हणाली, "पडवीत मांड. उजेड हाय, आलेल्या माणसाला बसायला बाक हाय."

तिचं बरोबर होतं. पण रोह्यातलं आमचं घर नाक्यावर आणि कंपनीची बस थांबते ती नेमकी पडवीसमोर. ज्यांच्या रांगेत गळ्यात ओळखपत्र घालून उभा राहायचो, त्यांच्यासमोर हाफ पँटीत बसून मिरगुंडाची लेबलं रंगवायची? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मी टेबल मागच्या खोलीत तांदळाच्या पिंपाशेजारी लावलं आणि खिडकी बंद करून घेतली.

आईला सांगून ठेवलं, कुणी विचारलं तर म्हण, दुसऱ्या कंपनीत लागलाय, सेकंड शिफ्ट असते. म्हणजे सकाळी घरात दिसलो तरी चालायचं आणि दुपारी दार लावून बसलं की झालं. एवढं डोकं धंद्यात चालवलं असतं तर बरं झालं असतं. आई सांगायची तसं, पण सांगताना पदराशी काहीतरी चाळा करायची. ते मला दिसायचं आणि मी कॉम्प्युटरकडे बघायचो.

पेणच्या खाडीकडच्या एका मावशींशी फोनवर बोलणं चालू होतं. पोह्यांची मिरगुंडं करायच्या. माझं पहिलं मोठं काम तेच होणार होतं. एका दुपारी त्या फोन न करताच गाडीने रोह्याला आल्या. शेजारचे काका त्यांना पडवीपर्यंत घेऊन आले. "हिचा पोरगा कुठे ऑफिस काढतोय? तो कंपनीत असतो," असं ते म्हणाले, तेही मी आत बसून ऐकलं.

"व्हय," आई म्हणाली. "सेकंड शिफ्टला गेलाय."

बाहेर यावं तर काकांसमोर आई खोटी पडणार. मी पंखा बंद केला आणि बसून राहिलो. घाम गळत होता. आईने मावशींना पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. मावशी म्हणाल्या, "नको गो. मी त्यालाच फोन लावते."

टेबलावरचा माझा फोन मोठ्याने वाजला. साऱ्या घराला ऐकू गेला. मी तो दाबून बंद केला.

"फोन घरीच विसरला वाटतं," आई म्हणाली.

मावशी उठल्या. "ही मिरगुंडं ठेवते. शिफ्टवरून आला की तळून द्या त्याला."

त्या गेल्यावर मी चपला न घालताच स्टेशनाकडे निघालो. काका ओट्यावरच होते. नाक्यावर बसची वाट बघणारे दोघे-तिघे माझ्या पायांकडे बघत राहिले. मावशी स्टेशनात बाकावर बसल्या होत्या.

"सुटली का शिफ्ट?" त्यांनी विचारलं.

"नोकरी नाही मला, मावशी. मी घरीच काम करतो."

"ते समजलं मना. पण आईला कशाला खोटं बोलायला लावतंस?"

लाजेने कान तापले. "काम मला द्याल ना?" एवढंच विचारलं.

"आधी दाराला पाटी लाव. मंग येते," असं म्हणून त्या गाडी कुठे दिसते का बघू लागल्या.

घरी आलो तेव्हा आई मिरगुंडं डब्यात भरत होती. मी टेबलाचं एक टोक धरलं. तिने न विचारता दुसरं धरलं. पडवीत टेबल टेकवल्यावर तिने हळूच विचारलं, "आता कुणी आलं तर काय सांगू?"

"घरात आहे म्हणून सांग," मी म्हणालो. तिच्याकडे बघून म्हणायचं होतं. पण बघवलं नाही.