नानामास्तरांचा समुद्र

अंधार, फुकटचं व्याख्यान आणि सोलापूरकर प्रेक्षक एकत्र आले की किस्से साठायला कितीसा वेळ लागतो? आमच्याकडे तर अख्खा परदेशी समुद्रकिनारा होता, तोही पत्र्याच्या पेटीत!

होटगी स्टेशनावरचा एक साहेब आधी मेक्सिकोच्या रेल्वेत होता. विलायतेला परतताना त्यानं मॅजिक लँटर्न, म्हणजे पडद्यावर चित्रं पाडणारा दिवा, आणि तिथल्या किनाऱ्याच्या काचेच्या स्लाइडा आमच्या शाळेतल्या नानामास्तरांना देऊन टाकल्या. नाना भूगोलाचे. तेव्हापासून ते त्या किनाऱ्यावरच्या झापोटेक लोकांवर गावोगाव व्याख्यानं देऊ लागले. मी ड्रॉइंग मास्तर, लँटर्न सांभाळायचो. पहिल्या रांगेत काकू, म्हणजे नानांची बायको.

समुद्राची स्लाइड आली की नाना पडद्याकडे छडी वर करून दरडावत, "गप बसा. समुद्र आहे." स्वतः मात्र बोलतच राहत. खरं तर त्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता आणि त्याची त्यांना मनातून लाज वाटे. हे काकूंना आणि मलाच ठाऊक होतं.

*

मंगळवेढ्यात नानांनी झापोटेकांची मक्याची कडक भाकरी पडद्यावर दाखवली. तिला भोकं होती. फुगू नये म्हणून पाडतात, असं सांगितलं.

"फुगू नये म्हनून?" एक म्हातारी कळवळली. "आई न्हाय का तिला शिकवायला?"

*

तिथले रंगारी खडकावरची गोगलगाय उचलतात, तिच्या रसानं सूत जांभळं करतात आणि तिला परत जागेवर ठेवतात. हे ऐकून आमच्या विणकरांच्या पेठेत सगळे खूश.

"रंग जन्मात जात नाही," नाना म्हणाले.

पेठेतले एक वयस्कर तेलुगू विणकर काळजीत पडले. "मग गिऱ्हाईक परत कशाला येनार?"

*

वकिलांच्या क्लबात टाय-कोटवाल्यांची गर्दी, दिवस वैशाखाचे. स्लाइड झापोटेक बायकांची, त्या डोक्याभोवती पांढरी झालर मिरवतात. नाना म्हणाले, "फुटलेल्या जहाजातून लहान मुलाचा झगा वाहत आला, तो कसा घालायचा ते न कळून कुणी डोक्यावर घेतला, अशी कथा सांगतात."

वकीलमंडळी खो खो हसली. "कशासाठी असतं ते ठाऊक नसताना अंगावर चढवायचं म्हणजे कमाल आहे!"

"हो ना," काकू म्हणाल्या, "आणि तुम्हाला उकडत कसं नाही?"

*

जेऊरला मात्र एका शेतकऱ्यानं सरळच विचारलं, "मास्तर, तुमी सवता पायलाय व्हय समुद्र?"

नाना मला म्हणाले, "पुढची स्लाइड." परतीच्या गाडीत ते समुद्राची स्लाइड रुमालानं पुसत राहिले. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी जाहीर केलं, "दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जायचंय." मलाही सोबत घेतलं.

चौपाटीवर नाना वाळूत उभे राहिले. पाणी पायापर्यंत आलं, परत गेलं. बऱ्याच वेळानं त्यांनी घसा खाकरला आणि सवयीनं छडी वर केली.

"हा जो समुद्र आपण पाहतो आहोत..."

काकूंनी हळूच ती छडी खाली केली.

"गप बसा," त्या म्हणाल्या. "समुद्र आहे."