सासूने न विचारायचा प्रश्न

वोंगाईबाईंनी मन मोकळं करायचं केंद्र काढलं आणि अख्ख्या साकुब्वा वस्तीला चघळायला विषय मिळाला. बंद पडलेल्या बिअर हॉलमागची खोली, दोन बाकडी, आणि ऐकून घ्यायला पाळीपाळीने बसणाऱ्या बायका. "वेड्यांचं दुकान!" लोक म्हणाले. "पहिलं गिऱ्हाईक मालकीणच!"

पहिलं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, तेव्हा बाई बाकड्यावरून अर्धवट उठल्या. जावई! गरिकाई!

आज पाळी सासूची आहे, हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नसावं. दचकून तो उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला, मान खाली घालून त्याने नमस्काराच्या हलक्या टाळ्या वाजवल्या. सासूजावयांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, बोलायचं तर हवापाण्याचं.

"बरं आहे ना, जावईबापू?"

"तुम्ही बऱ्या, तर आम्ही बरे."

"रुम्बिझाई?"

"बरीय."

बरीय म्हणे! लाकडाचा कारखाना बंद झाल्यापासून लेकीच्या घरात काय चाललंय, ते वस्तीतल्या कोंबड्यांनाही माहीत होतं.

मग त्याने पिशवीतून रंधा काढला. बापाचा रंधा, बायकोलाही हात लावू द्यायचा नाही कधी. तो उंबऱ्यावर ठेवला. "पोरासाठी ठेवा. मला आता लागायचा नाही."

 केंद्राच्या शिकवणीत बाईंकडून घोकून घेतलं होतं: माणूस जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकायला लागला, की सरळ विचारायचं, जीव द्यायचं मनात आहे का? पण शिकवणारी बाई कुणाची सासू नसावी! जावयाला हे विचारलं, तर शरमेने रीतभात विसरून उठून जाईल. आणि गेला, तर कुठे जाईल? 

एकच आधार होता. सासूने रजा दिल्याशिवाय जावयाला उठता येत नाही.

"बसा," म्हणत त्यांनी शेंगांची टोपली पुढे सरकवली आणि फोन लावला. "मुचादेई, असशील तसा ये केंद्रावर. गरिकाई आलाय."

मुचादेई म्हणजे गरिकाईच्या घराण्याचा सहविरा, ठरलेला जिवलग. लग्नात टिंगल करायची, मयतात मेलेल्याची हुबेहूब नक्कल करायची, आणि कुणी रागवायचं नाही, असा पिढीजात मान.

"येऊ मी?" गरिकाईची चुळबुळ सुरू झाली.

"शेंगा खा."

"घरी काम आहे, सासूबाई."

"खा म्हटलं ना!"

रस्ता रिकामाच. बाईंचे कान पावलांकडे.

अखेर मुचादेई उगवला, एका गालाला साबण तसाच. रंधा बघितला, मित्राचं तोंड बघितलं, आणि त्याच्यापुढे मांडी ठोकून बसला.

"काय रे लबाडा, मरायला निघालास? तुझ्या मयतात नाचायचं मी, आणि मलाच पत्ता नाही? तालीम नको मला?"

गरिकाई हसायला गेला आणि हुंदका फुटला. बाईंनी झटकन भिंतीकडे तोंड फिरवलं.

"खरं सांग. ठरवलंयस?"

"...हो."

"घरी काही आणून ठेवलंयस?"

"पुडी. पलंगाखाली."

"ऊठ. आधी ती माझ्या हातात द्यायची, मग दवाखाना. मी सोडणार नाही हां तुला, बायकोसारखा चिकटणार!"

"या जाऊन," बाई भिंतीलाच म्हणाल्या.

त्यानंतर किती वेळा त्यांनी फोन उचलून पाहिला, देव जाणे. शेवटी वाजला.

"दवाखान्यात आहोत," मुचादेई म्हणाला. "पुडी नर्सबाईंकडे दिली. त्या बोलतायत त्याच्याशी. पण हा एकच विचारतोय, सासूबाईंनी ऐकलं का?"

"सांग त्याला, सासू ठार बहिरी आहे."

फोन ठेवून त्यांनी उंबऱ्यावरचा रंधा उचलला आणि जावयाला परत द्यायला कोपऱ्यात जपून ठेवला.