उन्हाला विचार

"डोळ्याचं काय ऐकतो, भिया? उन्हाला विचार." कोणी निगेटिव्ह खिडकीकडे धरून तोंड वाकडं केलं, की सर ती हातातून काढून घेत आणि हेच म्हणत. भिया म्हणजे भाऊ, इथली बोली.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला बाकीचे जरा सटकलेला समजतात. आमचे सर कृष्णपुऱ्याजवळ राहायचे. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. लाकडी कॅमेरा आणि त्यात वहीच्या पानाएवढी फिल्म, एका वेळी एकच. मी राजवाड्यामागे फ्रेमच्या दुकानात काच कापतो. वाशीमहून आलेला, शाळा आठवीत सोडलेली. सरांचे हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी माझे मागितले. "काच कापणारा हात हलत नाही," म्हणाले.

तेव्हापासून फिल्म धुवायचं काम माझं. खोलीत मिट्ट काळोख. अ आणि ब ही दोन औषधं ऐन वेळी पाण्यात मिसळायची. एकट्या अ-ने फिल्मवर काही उमटत नाही. उमटलेलं पक्कं करायला शेवटी फिक्सर, त्यानंतर काही बदलत नाही. अंधारात लेबल कोण वाचणार? म्हणून अ-च्या बाटलीला एक रबरबँड, ब-ला दोन. हातमोजे सक्तीचे. "विष आहे ते. माझ्या हातून पोरं फेल खूप झाली, मेलं कोणी नाही. रेकॉर्ड खराब नको करू."

आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला इथे आली होती. आधार कार्डाशिवाय तिचा एक फोटो नव्हता. सरांनी तिला गच्चीत बसवलं. डब्यातली शेवटची फिल्म होती.

"आई, चष्मा काढा जरा."

"राहू द्या जी, डॉक्टरनं काढू नका म्हटलं."

काळा चष्मा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ती गावी परतली.

फिल्म मीच धुतली. सर दाराबाहेर मिनिटं मोजत होते. "टाइम झाला. ब घातलं होतं ना?"

मी चाचपलं. दोन रबरांची बाटली भरलेलीच होती.

"सर, आई गेली," एवढंच तोंडातून निघालं.

"फिक्सरमध्ये टाकली?"

"नाही."

"मग कुठे जाते? तिथेच आहे. फिक्सरच्या आधी सगळं माफ असतं, यार. फिल्म उचल, ट्रेत ब ओत. मी परत मोजतो."

फिक्सर झाल्यावर दिवा लावून पाहिलं, तर फिल्मवर पिवळट-तपकिरी डाग आणि त्यात आई अगदी फिकी. "वाया गेली, सर."

"तो डागच तर पाहिजे. तुझ्या डोळ्याला तो फिका वाटतो, पण उन्हाला अडवतो. त्यानेच कागदावर चित्र उठतं."

सकाळी गच्चीवर मीठ आणि चांदीचं औषध फासलेला कागद, त्यावर फिल्म, वर काच. ऊन आपलं काम करत राहिलं. फिल्म उचलली आणि कागदावर आई आली. लुगड्याचा काठ, हनुवटीवरचं गोंदण, एकेक सुरकुती. मला रडू फुटलं.

"खारं पाणी वर नको पाडू. कागदाला मीठ आधीच लावलंय."

गेल्या महिन्यात सर गेले. त्यांची भाची दुकानात आली. "घरात शेकडो फोटो आहेत दादा, पण मामाचा एकही नाही. शोकबैठकीत काय ठेवू?"

मी माझ्या खोलीवर जाऊन आईला भिंतीवरून उतरवलं आणि भिंग लावलं. काळ्या चष्म्याच्या डाव्या काचेत तीन पायांचा कॅमेरा आणि शेजारी तांदळाच्या दाण्याएवढे सर. एक हात वर, हलू नका म्हणून सांगत असलेले.

तीच फ्रेम, भिंगासकट, मी भाचीला नेऊन दिली.

"हार मात्र घालू नका हो," म्हटलं. "आई ठणठणीत आहे."